ती घरीच असते

माझ्या पोटात उजव्या बाजूला, पँटचा पट्टा बसतो त्याच्या जरा वर, माझ्या बायकोची किडनी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

मी मधुकर. राहायला शेलारला, आणि भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात एकवीस वर्षं कापड तपासायला होतो. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका काचेच्या टेबलावर ओढायचा, काचेखाली ट्यूबलाइट असते, उजेडात दोष दिसला की खडूने खूण करायची. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ विणलेला पट्टा. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो असं माझ्या बायकोचं, वनिताचं, म्हणणं आहे. "तुमाला भातात पन पयला खडाच दिसतो," हे तिचं ठरलेलं वाक्य.

हे लिहितोय ते किडनी बदललेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. ओपीडीतल्या एक सिस्टर म्हणाल्या, तुम्ही सांगता नीट, तसंच लिहून काढा, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. ज्याला शास्त्र हवं असेल त्याने डॉक्टरांना विचारावं. मी काय झालं ते सांगतो, आणि माझं कुठे चुकलं तेही.

खोकला

बीपीने माझ्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. दीड वर्ष डायलिसिस केलं, मग वनिताची किडनी जुळली आणि दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ती भिंतीला धरून माझ्या खोलीच्या काचेपर्यंत आली आणि बाहेरूनच खुणेने विचारलं, झाली का? म्हणजे लघवी. मी मान हलवली. दीड वर्षाने मला धड लघवी होत होती. काचेच्या अल्याड मी, पल्याड ती, असे आम्ही हसत होतो. दोघं एकाच गोष्टीला हसलोय असं आमच्या संसारात फार वेळा घडलेलं नाही.

शरीराला नवी किडनी परकी वाटते, ते तिच्यावर धावून जातं. म्हणून शरीराची लढायची ताकदच औषधांनी कमी करून ठेवतात. मग बाहेरून कुणीही आत शिरू नये यासाठी पथ्यं. आमची मुलगी रेश्मा कॉलेजात आहे, तिने यादी करून फ्रिजवर चिकटवली. पाणी उकळलेलं, तोंडाला मास्क, गर्दी नाही, धूळ नाही, कच्चं काही नाही. वनिताने त्यात स्वतःचे चार नियम घातले. पाहुण्यांनी उंबऱ्याबाहेर बसायचं, हा त्यातला एक. माझे मालक रफिकभाई भेटायला आले तेही जिन्यातच उभे राहिले.

"तू आराम कर," ते खालून म्हणाले. "लूम कुठे पळून जात नाही. और सुन, कारखान्याच्या गल्लीत पाय पण टाकू नको. रुई उडते तिकडे."

मी टाकला नाही. तरी फेब्रुवारीत खोकला सुरू झाला.

भिवंडीत खोकल्याला दोनच कारणं असतात, रुई नाही तर टीबी. मी इतकी वर्षं रुईत काढलेली, त्यामुळे कुणाला तिसरं काही सुचलं नाही. मलाही नाही. जवळच्या डॉक्टरांनी छाती तपासली, आत शिट्टी वाजत होती. दमा म्हणाले, वाफ दिली आणि पाच दिवसांसाठी स्टिरॉइडची गोळी वाढवली. मी त्यांना दोष देत नाही. शिट्टी वाजत असेल तर कुणीही दमाच म्हणेल.

दोन दिवस बरं वाटलं, मग जास्तच बिघडलं. पोट ढोलासारखं फुगलं, अन्न नको झालं, जिन्याच्या चौथ्या पायरीला धाप लागू लागली. कमरेवर खाज यायची आणि नखाने ओढल्यासारखी लाल रेघ दिसायची. संध्याकाळी तेल लावताना वनिता थांबली.

"ही सकाली इथं व्हती," ती म्हणाली. "आता चार बोटं वर सरकली."

"नाडी घासली असेल."

"नाडीनं रेघ पडते, ती चालते काय?"

"तू डॉक्टर आहेस का?" मी म्हणालो. हे वाक्य मी आमच्या घरात बरेचदा म्हणायचो. आता म्हणत नाही.

वॉर्ड

ज्या मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं होतं तिथेच मला परत दाखल केलं. या वेळी नाकाला ऑक्सिजन. एक्सरेत दोन्ही बाजूंना पांढरे डाग. टीबीची तपासणी केली, नाही निघाला. न्यूमोनियाची औषधं चालू केली, उतार नाही.

दाखल असलेल्या माणसाचा दिवस लवकर संपत नाही, पण त्याचं वेळापत्रक पक्कं असतं. सहाला वजन, साडेसहाला रक्त, सातला चहा, जो मला बंद होता. लघवी मोजायला प्लॅस्टिकचं भांडं असतं, त्यावर रेघा असतात, आणि माणूस किती का मोठा असेना, त्या भांड्यासमोर सगळे सारखे. साफसफाईच्या मावशी रोज विचारायच्या, "आज कुठली रेघ गाठली?" मी सांगायचो. त्या म्हणायच्या, "चांगली गाठली की." मला बरं वाटायचं.

दुपारी क्रिएटिनिनचा आकडा यायचा. किडनी कशी चाललीय ते त्यावरून कळतं, बिघडली की तो चढतो. आकडा रोज थोडा थोडा चढत होता. मरायची भीती वाटत नव्हती असं मी म्हणणार नाही, चांगली वाटत होती. पण तिच्यापेक्षा मोठी एक भीती होती आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नाही. मी गेलो असतो तर तिची किडनी माझ्याबरोबर गेली असती. तिने अंगातला तुकडा काढून दिला आणि मी तीन महिन्यांत तो वाया घालवला, असं झालं असतं. डोळे मिटले की हेच समोर यायचं.

निदान

छातीच्या डॉक्टरबाईंनी नळी घालून फुप्फुसातलं पाणी तपासायला काढलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या आणि स्टुलावर बसल्या. डॉक्टर बसले की मला धडकी भरते. वनिता डबा घेऊन आली होती, ती मास्क लावून पायथ्याशी उभी होती.

"जंत आहेत," बाई म्हणाल्या.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "पोटात?"

"पोटातही. पण आम्हाला सापडले ते फुप्फुसात."

त्यांनी मोबाइलवर सूक्ष्मदर्शकातलं चित्र दाखवलं. पांढऱ्या उजेडात एक बारीक धागा वळवळत होता, मध्येच गाठ मारायचा, परत सुटायचा. एकवीस वर्षं मी उजेडावर धागे बघत आलो होतो, हलणारा धागा पहिल्यांदाच बघितला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हा जंत ओल्या मातीत असतो. अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, फिरत फिरत आतड्यात जाऊन राहतो. धडधाकट माणसाच्या पोटात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, त्या माणसाला पत्ताही लागत नाही. पण अंगातली ताकद औषधांनी पाडली की त्याला मोकळं रान मिळतं. तो वाढतो आणि फुप्फुसापर्यंत पसरतो. कमरेवरची चालणारी रेघ म्हणजे कातडीखालून निघालेला तोच. आणि दम्यासाठी वाढवलेली गोळी म्हणजे त्याला निमंत्रणच होतं.

वनिता मान खाली घालून ऐकत होती. रेघेचं ती काहीच बोलली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

"शेतात काम करता का? चिखलात, अनवाणी?" बाईंनी मला विचारलं.

"नाही. आमची जमीन वडलांच्या वेळीच गोदामांना गेली. लहानपणी उतरायचो, आता पंचवीस वर्षं चिखल पाहिला नाही."

"आणि किडनी दिली त्या? किडनीबरोबरही हा येऊ शकतो."

"नाही नाही," मी म्हणालो. "ती घरीच असते."

बाईंनी मान डोलावली. मग पायथ्याकडून आवाज आला.

"मंग आवनीला कोन जातं?"

आवणी म्हणजे भाताची लागण. वनिताचं माहेर गणेशपुरीजवळ. तिचा भाऊ एकटा आहे, शेत मोठं आहे, म्हणून दर जुलैत ती पंधरा दिवस तिकडे जाते. गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावते. पुन्हा बेणणीला, म्हणजे तण काढायला, आठ दिवस, कापणीला आठ दिवस. लग्नाआधी तर बारमाही. शेतात पायात काही घालायचं नाही ही त्यांच्याकडची रीत, आणि घालूनही उपयोग नाही, चिखल चप्पल ओढून घेतो. दर वर्षी ती परत येते तेव्हा तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात आणि ती महिनाभर पाय खाजवत बसते. मी दर वर्षी म्हणतो, खाजवू नकोस, आवाज होतो.

आणि तरी ती घरीच असते. कुणीही विचारलं की मी हेच सांगत आलो. खोटं बोलायचं म्हणून नाही, मला तसंच वाटायचं. ती कुठे ड्युटीला जात नव्हती, तिला पगार नव्हता.

ऑपरेशनच्या आधीही हे विचारलं होतं. फॉर्म भरणाऱ्या बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या होत्या, आपण काय काम करता? उत्तर मी दिलं होतं. तेव्हाही हेच.

"तू तेव्हा का नाही बोललीस?" डॉक्टर गेल्यावर मी विचारलं.

"तुमी बोलत व्हतात ना," ती म्हणाली. "आनि मना पन तसंच वाटलं. शेती भावाची. मी तं नुसती हाताखाली जाते."

किडनीसंगती

वनिताची तपासणी केली. तिच्या पोटातही तोच जंत निघाला. तिला गोळ्यांचे दोन डोस दिले, काम झालं. तिच्या पोटात तो वीस वर्षं नीट वागत होता.

माझं तसं नव्हतं. जंतांबरोबर आतड्यातले जिवाणू रक्तात उतरले होते, त्यांची वेगळी औषधं. जंतांच्या गोळ्या रोज. आणि अंगात लढायची ताकद परत यावी म्हणून किडनी सांभाळणारी औषधं कमी केली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एका बाजूला फुप्फुसं आहेत, दुसऱ्या बाजूला किडनी, आणि काही दिवस आम्हाला किडनीच्या बाबतीत धोका पत्करावा लागेल. सहीसाठी कागद दिला. मी वनिताकडे बघितलं. किडनी तिची होती, पण तिची सही कुणी मागत नव्हतं.

"करा," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती खोलीत यायची बंद झाली. डबा सिस्टरांकडे द्यायची आणि पॅसेजमधल्या बाकावर बसून राहायची. रेश्मा म्हणाली, "पप्पा, मम्मी काही खात नाहीये. म्हणते, मीच दिलं त्यांना. किडनीसंगती जंत पण दिले."

त्यात माझ्या बहिणीने फोनवर तिला सुनावलं होतं, म्हणे तिच्या माहेरच्या चिखलाने आमचा भाऊ खाल्ला. नातेवाइकांना आम्ही छातीत पाणी झालंय असं सांगत होतो, कारण जंत हा शब्द पोराबाळांचा, मोठ्या माणसाला शोभत नाही. पण बहिणीपर्यंत खरं कुठून तरी पोचलंच.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहितो, कारण ज्यांना किडनी कुणी घरच्याने दिलीय त्यांच्या मनात असलं काही आलं तर त्यांनी घाबरू नये. एक अख्खी दुपार मी वनितावर चिडून होतो. ऑक्सिजन लावून छताकडे बघत मी विचार करत होतो की दुसऱ्या कुणाची घेतली असती तर. माझा स्वभाव मी सांगितलाच आहे. खूण करायला जागा मिळाली की मला राहवत नाही.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी सरळ विचारलं, हे नक्की तिच्याकडूनच आलं का?

"बहुतेक. पण नक्की सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीही लहानपणी चिखलात उतरत होतात. तुमच्याही पोटात असेल. आधी कळलं असतं तर दोघांना गोळ्या देऊन मगच ऑपरेशन केलं असतं, एवढंच."

आधी कळलं असतं तर. त्यांनी ते सहज म्हटलं, माझ्याकडे बघूनही नाही. पण मला तो फॉर्म दिसला, त्या बाईंचं वनिताकडे बघणं दिसलं आणि मध्येच घुसलेला माझा आवाज ऐकू आला. मला फार लाज वाटली. रडूही आलं, पण ऑक्सिजनची नळी असताना रडता येत नाही, नाक भरतं आणि मशीन बोंबलायला लागतं. सिस्टर धावत आल्या.

मी म्हटलं, बाहेर बाकावर माझी मिसेस आहे, तिला आत पाठवा.

ती दारातच उभी राहिली.

"चूक तुझी नाही," मी म्हणालो. "तुला विचारलं होतं. उत्तर मी दिलं."

तिने आधी मास्क नीट केला. मग आली, स्टूल ओढून बसली, आणि डब्याचं झाकण उघडत म्हणाली, "मंग पुढच्या येलेला गप बसा."

आणि तिने मला मऊ भात भरवला. खडा नव्हता.

उतार

आकडा आणखी चार दिवस चढला, पाचव्या दिवशी थांबला. सातव्या दिवशी खाली आला, अगदी थोडा. मावशींना मी भांड्यावरची रेघ न विचारताच सांगितली. त्या दिवशी वनिताने हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये जाऊन दोन वडे खाल्ले, हे मला रेश्माकडून कळलं.

नाकाची नळी निघाली त्या सकाळी मी एक श्वास घेतला तो पार तळापर्यंत गेला. त्याची मजा ज्याचा दम कोंडलेला असतो त्यालाच कळेल. जंतांच्या गोळ्या पुढेही बरेच दिवस चालल्या, तपासणी परत परत स्वच्छ येईपर्यंत. मार्चअखेर मी घरी आलो. जिना दोनदा बसून चढलो.

रफिकभाई परत जिन्यात आले. या वेळी त्यांच्याबरोबर रबरी गमबुटांच्या सहा जोड्या होत्या, कपडा रंगवणारे कामगार घालतात तसले.

"हे भाभीच्या भावाच्या शेतासाठी," ते म्हणाले. "सगळ्यांनी घालायचे, बोल त्याला. माझा माणूस दोन वेळा आडवा झालेला मला परवडणार नाही."

त्यांच्या माणसाला मात्र अजून टेबलापाशी जायची परवानगी नाही. छातीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, वर्षभर तरी रुईत जायचं नाही. तेव्हा मी घरीच आहे. सकाळचं पाणी भरतो, कुकर लावतो, भाजी निवडतो, रेश्माचा डबा करतो, कपडे वाळत घालतो. दिवसभर पाठ टेकायला फुरसत नसते. संध्याकाळी कुणी फोनवर विचारतं, काय करतोस हल्ली? मी म्हणतो, काही नाही, बसून आहे.

जुलैत वनिता डॉक्टरांना विचारून आवणीला गेली. किडनी देऊन आठ महिने झाले होते. आधी भावाने कुरकुर केली, शेतात बूट घालून उतरायचं म्हणजे काय. बायका हसल्या, एकीचा बूट चिखलात रुतून पाय नुसताच वर आला. वनिताने सुतळीने पोटऱ्यांवर बूट बांधून घेतले आणि सगळ्यांना बांधायला लावले. या वर्षी तिला चिखल्या झाल्या नाहीत. रात्री पाय खाजवण्याचा आवाजही नाही.

फॉर्म

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तपासणीला गेलो. माझा आकडा चांगला आहे. तिची उरलेली एक किडनीही ठीक चाललीय. म्हणजे तिच्या दोन्ही किडन्या ठीक आहेत, एक तिच्याकडे आणि एक माझ्याकडे.

ओपीडीत नवीन डॉक्टर होते, तरुण, घाईतले. देणाऱ्यांचीही आता नवी नोंद ठेवतात, तो फॉर्म त्यांनी पुढे ओढला.

"बाई काय काम करतात?" त्यांनी मला विचारलं. मला.

माझं तोंड उघडलं होतं. मास्क होता म्हणून दिसलं नाही एवढंच. वनिताने माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड मिटलं.

"शेती करते," ती म्हणाली. "भात. आवनी, बेननी, कापनी, सगलं. गमबूट घालून."

डॉक्टरांनी लिहिलं. ती पुढे वाकून त्यांचं पेन कागदावर चालताना बघत होती, आणि शब्द पुरा होईपर्यंत तिने मान वर केली नाही.

"आणि तुम्ही?" डॉक्टरांनी माझा कागद घेतला.

एकवीस वर्षांचं काम थोडक्यात कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो. माझ्याआधी वनिता बोलली.

"ते घरीच असतात."